फोटोंचे कीवर्ड: ब्रिटिश स्पेलिंग की अमेरिकन?

स्टॉक फोटो म्हणजे आधी काढून ठेवलेला आणि मागाहून गिऱ्हाईक शोधणारा फोटो. तो कुणाच्या मागणीवरून काढलेला नसतो. छायाचित्रकार तो एखाद्या एजन्सीच्या संग्रहात ठेवतो. पाठ्यपुस्तकाचा प्रकाशक, जाहिरात संस्था, वर्तमानपत्र किंवा पर्यटन कंपनी त्या संग्रहात शोध घेते आणि पसंत पडलेला फोटो वापरण्याचा परवाना विकत घेते. विकणारा आणि घेणारा यांची कधी गाठ पडत नाही. दोघांना जोडतात ते फोटोबरोबर नोंदवलेले शब्द, म्हणजे कीवर्ड. पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी सुरूच्या बनातून काढलेला फोटो कितीही देखणा असला, तरी ग्राहक ज्या शब्दाने शोधतो तो शब्द त्याला जोडलेला नसेल तर त्या ग्राहकापुरता तो फोटो नसल्यासारखाच.

हे शब्द बहुतांशी इंग्रजीत लिहिले जातात, आणि इंग्रजीत असंख्य शब्दांची दोन स्पेलिंग आहेत. रंग या अर्थाचा 'कलर' ब्रिटनमध्ये यू घालून लिहितात, अमेरिकेत यू वगळून. करड्या रंगासाठीच्या 'ग्रे' या शब्दात ब्रिटिश ई लिहितात, अमेरिकन ए. दागिन्यांसाठीचा 'ज्वेलरी' ब्रिटिश स्पेलिंगमध्ये दोन एल आणि एका जादा ई-सह येतो, अमेरिकन स्पेलिंगमध्ये आखूड होतो. नांगराचा ब्रिटिश 'प्लाउ' जीएचने संपतो, अमेरिकन डब्ल्यूने. बंदराच्या 'हार्बर'मध्ये यूचाच वाद, मजुराच्या 'लेबरर'मध्येही तोच. गाडीच्या टायरला ब्रिटनमध्ये वाय, अमेरिकेत आय. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याच्या फोटोंत यांतले जवळजवळ सगळे शब्द येतात: भातशेतीतला नांगर, आदिवासी स्त्रियांच्या गळ्यातले दागिने, बोर्डीची करडी वाळू, डहाणूच्या खाडीतल्या होड्या, चिकूच्या वाडीतले मजूर. प्रत्येक वेळी यातले कोणते स्पेलिंग लिहायचे, हा या धंद्यातला रोजचा प्रश्न आहे.

प्रश्न क्षुल्लक वाटतो आणि म्हणूनच त्याचे उत्तर सवयीवर सोडले जाते. शाळेत जे शिकवले ते लिहायचे, किंवा संगणकाने ज्याखाली लाल रेघ ओढली नाही ते ठेवायचे. दोन्ही सवयी चुकीच्या आहेत, कारण दोन्हींत विचार होतो तो लिहिणाऱ्याचा. कीवर्ड लिहिला जातो तो शोधणाऱ्यासाठी.

ही दोन स्पेलिंग कुठून आली हे थोडक्यात पाहिले पाहिजे, कारण त्यातले एक शुद्ध आणि दुसरे अशुद्ध हा समज त्यामुळे दूर होतो. सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश लंडनमध्ये १७५५ साली प्रसिद्ध झाला आणि ब्रिटिश लेखनाला बऱ्याच अंशी स्थैर्य आले. नव्याने स्वतंत्र झालेल्या अमेरिकेची भाषाही स्वतंत्र दिसावी, असा ध्यास नोआ वेबस्टरने घेतला. त्याचा छोटा कोश १८०६ मध्ये आणि मोठा कोश १८२८ मध्ये आला. 'कलर', 'लेबर', 'हार्बर' यांतला यू त्याने काढला, 'सेंटर'च्या शेवटच्या दोन अक्षरांची अदलाबदल केली. त्याच्या सगळ्याच सुधारणा टिकल्या नाहीत. जिभेसाठीच्या 'टंग' या शब्दाचे स्पेलिंग त्याने उच्चाराप्रमाणे सोपे करून पाहिले, ते अमेरिकेनेही नाकारले. उलट जॉन्सन 'म्यूझिक' आणि 'पब्लिक' या शब्दांच्या शेवटी सीनंतर के लिहीत असे; तो के पुढे खुद्द ब्रिटनमध्येही गळाला. 'ऑर्गनाइझ'सारख्या शब्दांतला झेड अमेरिकन समजला जातो, पण ऑक्सफर्डचे कोश आजही तोच पसंत करतात. दोन्ही देशांचे लेखन हे अशा निवडींतून घडले आहे. शुद्धाशुद्धतेचा निवाडा त्यात नाही.

भारतात इंग्रजी ब्रिटिशांबरोबर आली, म्हणून शाळेत, न्यायालयात, सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत ब्रिटिश स्पेलिंग रूढ झाले. मुंबईच्या 'नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स'च्या नावातला 'सेंटर' ब्रिटिश पद्धतीने लिहिलेला आहे. संगणकावर मात्र बहुतांशी अमेरिकन इंग्रजी आली. वेबपाने रंगवण्याच्या सीएसएस या भाषेत रंगासाठीची आज्ञा अमेरिकन स्पेलिंगमध्येच द्यावी लागते. यू घातला तर ती आज्ञा चालत नाही. त्याच भाषेत करड्या रंगाचे नाव मात्र ई आणि ए दोन्हींनी लिहिलेले चालते. परिणाम असा, की पालघर जिल्ह्यातल्या तरुण छायाचित्रकाराच्या हातून एकाच फोटोच्या यादीत 'ज्वेलरी' ब्रिटिश आणि 'कलरफुल' अमेरिकन असे मिश्रण नकळत उतरते. हे मिश्रण वाईट नाही. नकळत असणे वाईट आहे, कारण मग निम्मे ग्राहक कुठे गळले हे कळायला मार्ग राहत नाही.

ग्राहक कोण आहेत? आधी ते जिथे शोध घेतात त्या एजन्सी पाहू. शटरस्टॉक २००३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. गेटी इमेजेसचे मुख्य कार्यालय सिॲटलमध्ये आहे आणि अडोबी स्टॉक चालवणारी अडोबी कॅलिफोर्नियाची. अलामी १९९९ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ निघाली आणि २०२० मध्ये ब्रिटनच्याच पीए मीडिया ग्रुपने ती घेतली. आयस्टॉकची सुरुवात २००० साली कॅनडातल्या कॅल्गरीत झाली, आणि कॅनडाची तऱ्हा आणखी वेगळी: तिथे 'कलर'मध्ये यू लिहितात, पण टायर अमेरिकन आयने. मुंबईत जगदीश अगरवाल यांनी १९८७ मध्ये दिनोदिया ही छायाचित्र संस्था सुरू केली, तिचा ग्राहकवर्ग मुळात भारतीय. एकच फोटो यांतल्या अनेक संग्रहांत ठेवता येतो. अमेरिकन एजन्सीत ब्रिटिश, भारतीय आणि ऑस्ट्रेलियन ग्राहक शोध घेतात आणि अलामीवर अमेरिकन प्रकाशक येतात. त्यामुळे एजन्सीचा पत्ता पाहून स्पेलिंग ठरवणे फसवे ठरते.

शोध नेमका कसा चालतो, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. सर्वांत साधा शोध अक्षराला अक्षर जुळवतो. तिथे यू असलेला 'कलर' आणि नसलेला 'कलर' हे एकमेकांशी काहीही संबंध नसलेले दोन शब्द असतात. याच्या पुढची पायरी म्हणजे शब्दाचे प्रत्यय छाटून मूळ रूप काढणे. केंब्रिजच्या मार्टिन पोर्टर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेली छाटणीची पद्धत जगभरच्या शोधयंत्रणांत वापरली गेली, आणि ती स्पेलिंगच्या भेदाशी कशी वागते हे तपासून पाहण्यासारखे आहे. प्रवासी या अर्थाचा 'ट्रॅव्हलर' ब्रिटिश पद्धतीने दोन एल घालून लिहिला काय किंवा अमेरिकन पद्धतीने एक एल घालून लिहिला काय, ही पद्धत दोन्ही छाटून 'ट्रॅव्हल'वर आणते. भेद आपोआप मिटतो. 'ज्वेलरी'ची दोन रूपे मात्र छाटल्यावरही वेगळीच राहतात, 'कलर'ची आणि 'ग्रे'चीही तशीच. झेडने संपणारी 'ऑर्गनाइझ'सारखी क्रियापदे ही पद्धत ओळखते, एसने लिहिलेली ओळखत नाही. सर्वांत बोलके उदाहरण टायरचे. अमेरिकन आयने लिहिलेला 'टायर' आणि थकलेला या अर्थाचा 'टायर्ड' हे दोन्ही छाटणीनंतर एकच होतात. तलासरीजवळ मुंबई–अहमदाबाद महामार्गावरच्या टायर दुरुस्तीच्या दुकानाचा फोटो अशा यंत्रणेत थकूनभागून बसलेल्या माणसांच्या फोटोंत मिसळतो. वायने लिहिलेला ब्रिटिश टायर या गोंधळात सापडत नाही. कुठले स्पेलिंग जास्त उपयोगी, याचे उत्तर शब्दागणिक बदलते ते असे.

तिसरी पद्धत नियंत्रित शब्दसंग्रहाची. गेटी इमेजेस ती वापरते. छायाचित्रकाराने लिहिलेला शब्द तिथे ठरावीक संकल्पनांपैकी एकीशी जोडला जातो, आणि दोन्ही स्पेलिंग त्या एका संकल्पनेची रूपे मानली जातात. ग्रंथालयांना ही कल्पना जुनी आहे. चार्ल्स कटर यांनी १८७६ मध्ये ग्रंथसूचीचे नियम मांडले, त्यांतही एका नावाखाली नोंद करायची आणि दुसऱ्या नावाखाली 'तिकडे पाहा' असे लिहायचे हा प्रघात आहे. लॉस एंजेलिसच्या गेटी संशोधन संस्थेचा कला आणि वास्तू या विषयांचा शब्दसंग्रह आजही अमेरिकन रूप मुख्य धरतो आणि शेजारी ब्रिटिशांच्या पसंतीचे रूप आवर्जून नोंदवतो. विकिमीडिया कॉमन्सने २०१९ पासून फोटोत काय दिसते ते शब्दाऐवजी विकिडेटातल्या क्रमांकाने नोंदवायची सोय केली. क्रमांकाला स्पेलिंग नसते, त्यामुळे हा प्रश्न तिथे मुळातच उरत नाही. पण विक्रीच्या बहुतेक संग्रहांत छायाचित्रकाराचा शब्द अजूनही जसाच्या तसा वापरला जातो, आणि पडद्यामागे कोणती यंत्रणा किती समानार्थी शब्द जोडते हे त्याला बाहेरून दिसत नाही.

अमेरिकन स्पेलिंगच वापरावे, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा बाजारपेठेचा असतो: मोठ्या एजन्सी अमेरिकन, मोठे ग्राहक अमेरिकन, आणि ब्रिटिश माणसाला अमेरिकन स्पेलिंगची सवय झालेलीच आहे. शेवटचा भाग खरा आहे, पण तो वाचण्याबाबत. यू नसलेला 'कलर' ब्रिटिश संपादकाला वाचताना खटकत नाही. मात्र शोधाच्या चौकटीत तो स्वतः टाइप करतो तेव्हा बोटे यू लिहितात. ब्रिटिश स्पेलिंगचा आग्रह धरणारे भाषेच्या अभिमानाची किंवा शुद्धतेची बाजू घेतात. तो अभिमान परिच्छेद लिहिताना योग्य आहे. कीवर्डच्या यादीत वाक्यच नसते, त्यामुळे तिथे शैली राखायची म्हटले तरी राखण्यासारखे काही नसते. यादीतला प्रत्येक शब्द सुटा असतो आणि त्याचे काम एवढेच, की कुणी तो टाइप केला तर फोटो समोर यावा. म्हणून ज्या शब्दाची दोन स्पेलिंग खरोखर चालू आहेत, तिथे दोन्ही लिहावीत. यापेक्षा सूक्ष्म उत्तराची गरज नाही.

फोटोच्या फाइलची रचनाही याच उत्तराकडे बोट दाखवते. अडोबीने २००१ मध्ये आणलेल्या एक्सएमपी या प्रमाणकात शीर्षक आणि वर्णन यांच्या रकान्यांना भाषेची खूण जोडता येते: हे ब्रिटिश इंग्रजी, हे अमेरिकन, हे मराठी. कीवर्डच्या रकान्याला अशी खूणच नाही. तो नुसता शब्दांचा ढीग आहे आणि कोणता शब्द कोणत्या भाषेतला हे तो विचारत नाही. त्याआधीच्या जुन्या आयपीटीसी प्रमाणकात एका कीवर्डला ६४ बाइटची मर्यादा होती. रोमन अक्षर एका बाइटचे आणि युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे, हे लक्षात घेतले तर मराठी कीवर्ड तिथे एकवीस चिन्हांतच संपवावा लागतो. 'डहाणू' किंवा 'घोलवड' त्यात आरामात बसतात.

वर्णनाची गोष्ट मात्र वेगळी. वर्णन वाचले जाते, कधी कधी जसेच्या तसे छापलेही जाते. तिथे एकच पद्धत धरावी आणि शेवटपर्यंत पाळावी. इंग्रजी विकिपीडियाने यासाठी एक समंजस संकेत ठेवला आहे: विषयाचा ज्या देशाशी निकटचा संबंध, त्या देशाची इंग्रजी. या संकेतानुसार बोर्डीच्या फोटोचे वर्णन भारतीय इंग्रजीत, म्हणजे ब्रिटिश स्पेलिंगमध्ये लिहिणे रास्त आहे. विशेषनामांना तर हात लावूच नये. मुंबईतल्या एनसीपीएचे 'सेंटर' अमेरिकन ग्राहकासाठी बदलू नये आणि न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरचे स्पेलिंग ब्रिटिश करू नये. पर्ल हार्बर ब्रिटिश पुस्तकांतही यूशिवायच लिहिले जाते.

दोन्ही स्पेलिंग लिहिण्यावर एक खरा आक्षेप आहे, तो जागेचा. शटरस्टॉक आणि अलामी ५० कीवर्ड घेतात, अडोबी स्टॉक ४९. अडोबीत पहिल्या काही शब्दांना जास्त वजन असते, म्हणून क्रमही महत्त्वाचा. दोन स्पेलिंगांपायी जागा संपतात का, हे एका फोटोवर मोजून पाहता येते. घोलवडच्या वखारीत चिकूची प्रतवारी करणाऱ्या स्त्रिया, पुढ्यात करंड्या, असा फोटो घेऊ. त्यात फळ, काम, माणसे, जागा आणि वातावरण यांचे तीसएक शब्द सहज निघतात: फळ, उष्ण कटिबंधीय फळ, तोडणी, निवडणे, प्रतवारी, करंडी, स्त्रिया, शेतमजूर, साडी, तपकिरी, शेती, ग्रामीण, रोजगार, निर्यात, महाराष्ट्र, भारत आणि असेच आणखी. स्पेलिंगचा भेद या सगळ्यांत फक्त मजुराच्या 'लेबरर'ला लागू होतो, आणि साड्या रंगीत म्हणून लिहायचे झाले तर 'कलरफुल'ला. जादा खर्च दोन जागांचा. ब्रिटिश-अमेरिकन वादाची खरी व्याप्ती एवढीच आहे.

याच फोटोतली साडी मात्र वेगळा मुद्दा पुढे आणते. साडीचे मुख्य स्पेलिंग इंग्लंडच्या आणि अमेरिकेच्या कोशांत एकच आहे, आयने संपणारे. भारतीय दुकानदार, वर्तमानपत्रे आणि ग्राहक सर्रास दोन ई लिहितात. म्हणजे दोन स्पेलिंग आहेतच, पण भेद लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातला नसून त्या दोघांच्या आणि भारताच्या मधला आहे. डहाणूच्या छायाचित्रकाराचे खरे नुकसान या तिसऱ्या इंग्रजीकडे दुर्लक्ष केल्याने होते, आणि त्याविषयी या धंद्यातल्या परदेशी मार्गदर्शिकांकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही.

चिकूचेच पाहा. १८९८ मध्ये घोलवडला त्याची पहिली लागवड झाली असे फळबागांच्या इतिहासात सांगितले जाते. २०१६ मध्ये या पट्ट्यातल्या फळाला भौगोलिक मानांकन मिळाले ते 'डहाणू घोलवड चिकू' या नावाने. २०२१ मध्ये ब्रिटनला त्याची खेप रवाना झाली तेव्हा केंद्र सरकारने त्याला 'सपोटा' म्हटले, कारण कृषी विद्यापीठांच्या आणि निर्यातीच्या इंग्रजीत तोच शब्द चालतो. अमेरिकन आणि ब्रिटिश कोश फळाला 'सॅपोडिला' म्हणतात, वनस्पतिशास्त्र 'मॅनिलकारा झपोटा' म्हणते. शिवाय चिकू रोमन लिपीत लिहिताना कुणी शेवटी दोन ओ लिहितो, कुणी यू. एका फळासाठी पाच कीवर्ड झाले आणि पाचांपैकी एकही सोडण्यासारखा नाही: मुंबईचा पाककृती-लेखक चिकू शोधेल, पुण्याचा कृषी प्रकाशक सपोटा, शिकागोचा फळांच्या पुस्तकाचा संपादक सॅपोडिला, वनस्पतीकोशाचा संपादक शास्त्रीय नाव. 'लेबरर'मधल्या यूवर घासाघीस करून नुसता 'सॅपोडिला' लिहिणाऱ्याने मानांकनाच्या नावाने शोधणारा ग्राहक हातचा घालवला.

किनाऱ्यावरची झाडे-माणसेही याच कोंडीत आहेत. सुरूला भारतात आणि ब्रिटनमध्ये कॅझुअरिना म्हणतात; अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडात, त्याला 'ऑस्ट्रेलियन पाइन' म्हणतात, मग ते पाइन नसले तरी. ताडी-माडी विकणाऱ्याच्या फोटोला भारतीय सवयीने फक्त 'टॉडी' लिहिले, तर इंग्लंड-अमेरिकेत व्हिस्कीच्या गरम पेयाच्या फोटोंत तो जाऊन बसतो; तिथे 'पाम वाइन' हवे. शेतातल्या उभ्या भाताला भारतीय इंग्रजी 'पॅडी' म्हणते, अमेरिकन माणूस त्या शब्दाने चिखलाचे खाचर समजतो, म्हणून 'राइस' लिहिल्याशिवाय चालत नाही. बैलगाडीतला बैल भारतीय इंग्रजीत 'बुलक', अमेरिकनाच्या तोंडी 'ऑक्स'. वांगे भारतात 'ब्रिंजल', ब्रिटनमध्ये 'ऑबर्जीन', अमेरिकेत 'एगप्लांट'. बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांना इंग्रजीत 'बॉम्बे डक' हे नाव जगभर आहे, पण शोधयंत्रणेने ते दोन सुट्या शब्दांत फोडले तर बोंबील बदकांच्या थव्यात दिसतात. 'ड्राइड फिश' आणि खुद्द 'बोंबील' हे शब्द शेजारी हवेत.

जागांच्या आणि समाजांच्या नावांत तर एका अक्षराने गाव बदलते. वारली या नावाचे रोमन स्पेलिंग आज डब्ल्यू आणि ए-ने रूढ आहे. १८८२ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या ठाणे खंडात ते व्हीने आहे. त्याच डब्ल्यूपुढे चुकून ओ पडला की मुंबईची वरळी होते, आणि वारली चित्रांच्या घराचा फोटो सी-लिंकच्या फोटोंत हरवतो. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. जगभरचे प्रकाशक हा विषय नावानिशी शोधतात. अशा ठिकाणी ही चूक महागात पडते. घोलवड कुणी व्हीने लिहितो, कुणी डब्ल्यूने, आणि दोन्ही सरसकट दिसतात. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता, म्हणून त्याआधीच्या फोटोंवर 'ठाणे' आहे आणि नव्यांवर 'पालघर'. ग्राहक जुन्या पुस्तकातला उल्लेख घेऊन येतो, त्याला जुने नाव ठाऊक असते. नकाशा पाहून आलेल्याला नवे.

इथे एक मर्यादा स्पष्ट आखायला हवी. काही जण शोध वाढावा म्हणून मुद्दाम चुकीची स्पेलिंगही यादीत भरतात, आणि फोटोत नसलेल्या वस्तूंची नावेसुद्धा. बहुतेक एजन्सी याला भरताड समजतात आणि असे फोटो मागे टाकतात किंवा नाकारतात. ते योग्यच आहे, कारण त्यामुळे ग्राहकाचा वेळ जातो. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच नियमांपैकी चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे, आणि तो फोटोंच्या संग्रहालाही तंतोतंत लागू पडतो. पण 'ग्रे'ची दोन स्पेलिंग, घोलवडची दोन रूपे किंवा चिकूची पाच नावे ही चूक नव्हे. प्रत्येकामागे ते तसे लिहिणारा खरा माणूस आहे. कसोटी हीच: हा शब्द कुणी जाणूनबुजून, बरोबर समजून टाइप करील का? करील तर घ्यावा, नाही तर नाही.

संगणकाने चित्र पाहून स्वतःच शोध लावण्याच्या नव्या पद्धतींनी हा सगळा खटाटोप संपेल, असे म्हटले जाते. ओपनएआयने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलेल्या क्लिपसारख्या प्रणाली चित्र आणि शब्द यांचा मेळ थेट घालतात. तिथे यू आहे की नाही याने फारसा फरक पडत नाही. ब्रिटिश-अमेरिकन वादाचे महत्त्व त्यामुळे खरोखरच कमी होत जाईल. पण चित्रावर नजर टाकून जे कळत नाही ते यंत्रालाही कळत नाही. वाळू, लाटा, झाडे, करंडीतली तपकिरी फळे हे ते ओळखील. ही वाळू बोर्डीची की केळव्याची, ही स्त्री वारली की मांगेला, हा चिकू मानांकनाच्या पट्ट्यातला की बाहेरचा, हे सांगायला तिथे उभा असलेला माणूसच लागतो. आपोआप कीवर्ड सुचवणारी साधने याच कारणाने सर्वसाधारण शब्दांनी यादी भरून टाकतात. समुद्र, निसर्ग, प्रवास, सुंदर हे शब्द लाखो फोटोंवर आधीच आहेत, आणि त्या गर्दीत बोर्डीचा फोटो वर येण्याची शक्यता नगण्य. नावानिशी शोधणारा ग्राहक कमी असतो, पण तो बहुधा विकत घ्यायलाच आलेला असतो.

त्यामुळे पन्नास जागा वाटताना क्रम उलटा लावणे योग्य. आधी गाव, तालुका, जिल्हा, त्यांची चालू आणि जुनी रूपे; मग वस्तूचे स्थानिक, भारतीय, आंतरराष्ट्रीय आणि शास्त्रीय नाव; मग माणसे आणि त्यांचे काम; त्यानंतर ज्या थोड्या शब्दांना लागू आहे तिथे ब्रिटिश आणि अमेरिकन अशी दोन्ही स्पेलिंग; आणि जागा उरल्याच तर 'सुंदर' आणि 'निसर्ग'. जिथे पहिल्या दहा शब्दांना वजन आहे तिथे या दहांत 'ट्रॉपिकल' असण्यापेक्षा 'डहाणू' असणे केव्हाही चांगले.

कीवर्ड बहुतेक संग्रहांत फोटो चढवल्यानंतरही बदलता येतात. ज्यांचे या पट्ट्यातले जुने फोटो आधीच विक्रीला आहेत, त्यांनी आधी 'ठाणे' लिहिलेल्या फोटोंना 'पालघर' जोडावे, मग 'सॅपोडिला'शेजारी 'चिकू' आणि 'सपोटा' लिहावे. 'कलर'मधल्या यूकडे त्यानंतर वळले तरी चालेल.